अर्ध्या गुणाचा हिशोब

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की भोवती जमलेल्यांचे चेहरे पडतात. "म्हणजे शेवटी काहीच झालं नाही ना?" असं विचारणारा एक तरी महाभाग असतोच. दोष त्याचा नाही. आपल्याला क्रिकेटची सवय. पावसाने धुऊन गेलेली मॅच आणि बरोबरीत सुटलेला डाव आपण एकाच पोत्यात भरतो.

खरं म्हणजे बरोबरी दोन जातींची असते. पहिली, दोघांनाही भांडायचंच नव्हतं, पंधरा चालींत हात मिळवले आणि चहाला गेले. दुसरी, दोघंही मरता मरता वाचले. पहिल्या जातीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या जातीच्या बरोबरीत मात्र एका डावात जेवढं शिकायला मिळतं तेवढं दहा सोप्या विजयांत मिळत नाही, कारण तिथे दोघांनाही एकेका ठिकाणी एकच चाल तारणारी असते आणि ती दोघांनी शोधून काढलेली असते. अशाच एका डावाचा आज अभ्यास करायचा आहे. मित्रांनो, पट काढा, मोहरी मांडा. नुसतं वाचून हा लेख अर्धाच कळेल.

खेळाडू कोण?

डाव १८७२ सालचा, गाव व्हिएन्ना. पांढरी मोहरी कार्ल हाम्पे यांच्याकडे, काळी फिलिप माइटनर यांच्याकडे. दोघंही पोटापाण्यासाठी बुद्धिबळ खेळणारे नव्हते. हाम्पे सरकारी अधिकारी, माइटनर वकील. दिवसभर फायली उपसायच्या आणि फावल्या वेळात पट मांडायचा, अशातली ही माणसं. हाम्पे मात्र चांगलेच तयारीचे. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे गेल्यावर दुसऱ्याच चालीत वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढायची जी पद्धत आज 'व्हिएन्ना' या नावाने ओळखली जाते, तिच्या अभ्यासाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे.

माइटनर हे आडनाव फिजिक्सवाल्यांना ओळखीचं वाटलं असेल. बरोबर ओळखलंत. हा डाव झाल्यावर सहा वर्षांनी, १८७८ मध्ये, या वकीलसाहेबांना मुलगी झाली, तिचं नाव लिझे. युरेनियमच्या अणूचे तुकडे होतात म्हणजे नेमकं काय होतं, याचा उलगडा १९३८ च्या हिवाळ्यात लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी केला. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला 'माइटनेरियम' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. लेकीचं नाव आवर्त सारणीत आणि बापाचं बुद्धिबळाच्या पुस्तकांत, असं घर विरळाच!

आधी पूर्ण डाव

लिहिण्याची पद्धत सोपी आहे. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्यासाठी अक्षर नाही, फक्त घराचं नाव. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह. उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या १ ते ८.

१. ई४ ई५
२. घो-सी३ उं-सी५
३. घो-ए४ उं×एफ२+
४. रा×एफ२ व-एच४+
५. रा-ई३ व-एफ४+
६. रा-डी३ डी५
७. रा-सी३ व×ई४
८. रा-बी३ घो-ए६
९. ए३ व×ए४+
१०. रा×ए४ घो-सी५+
११. रा-बी४ ए५+
१२. रा×सी५ घो-ई७
१३. उं-बी५+ रा-डी८
१४. उं-सी६ बी६+
१५. रा-बी५ घो×सी६
१६. रा×सी६ उं-बी७+
१७. रा-बी५ उं-ए६+
१८. रा-सी६ उं-बी७+ बरोबरी.

अठरा चाली. त्यातल्या पांढऱ्याच्या बारा चाली एकट्या राजाच्या आहेत! एकदा सलग खेळून बघा, मग पुढे वाचा.

पहिला टप्पा: घोडा काठावर, राजा रस्त्यावर (चाली १ ते ८)

तिसऱ्या चालीत हाम्पे यांनी तोच घोडा पुन्हा हलवला आणि पटाच्या काठावर नेला. हेतू काळ्या उंटाला हुसकावण्याचा. माइटनर यांना उंट मुकाट्याने ई७ वर परत नेता आला असता. त्याऐवजी त्यांनी तो एफ२ च्या प्याद्यावर फेकला. राजाने उंट खाल्ला आणि वजिराचा शह आला.

इथे पहिला प्रश्न. राजा ई३ वर असा उघड्यावर का आला? जी३ चं प्यादं पुढे करून शह अडवता आला असता की! बघा करून. जी३ खेळलं की काळा वजीर ई४ चं प्यादं मारतो. त्या एका घरावरून त्याचा डोळा एच१ च्या हत्तीवरही आणि ए४ च्या घोड्यावरही. दोघांपैकी एक जाणारच. काठावर नेऊन ठेवलेला घोडा असा अंगाशी येतो. म्हणून राजा स्वतः पुढे आला, ई४ चं प्यादं सांभाळायला.

सहाव्या चालीतही तेच. एफ४ वरून शह आल्यावर राजाला दोनच घरं, डी३ आणि ई२. ई२ वर परत गेला तर वजीर ई४ चं प्यादं शह देत मारणार आणि पुढच्याच चालीत ए४ चा घोडा खाणार. म्हणून राजा डी३ वर. मग माइटनर यांनी डी५ करून मधली फळी उघडली, राजा सी३ वर गेला, वजिराने ई४ चं प्यादं घेतलं. आता घोड्यावर डोळा, शिवाय डी४ चा शह बाकी. दोन्हींवर एकच उपाय, राजा बी३ वर जाऊन घोड्याच्या पाठीशी उभा राहिला.

इथपर्यंतचा हिशोब करा. काळ्याने उंट दिला, दोन प्यादी मिळवली. नेहमीच्या मोजणीत तीन गुण देऊन दोन घेतले. तोटा किरकोळ, पण समोरचा राजा घर सोडून भलतीकडे निघालेला.

दुसरा टप्पा: वजिराची आहुती (चाली ८ ते १२)

आठव्या चालीत काळ्याने घोडा ए६ वर आणला. साधी दिसते ही चाल, पण हिच्या पोटात मात आहे. पुढच्या चालीत वजीर बी४ वर आला की संपलं. घोडा त्याला जोर देतोय म्हणून राजा वजीर खाऊ शकत नाही. ए३ आणि सी३ वजिराच्या ताब्यात, सी४ प्याद्याच्याही, बाकी घरं आपल्याच माणसांनी भरलेली. एका चालीत मात! हाम्पे यांनी ती पाहिली आणि ए३ खेळून बी४ चं घर बंद केलं.

आणि आता तो प्रसिद्ध धडाका. काळा वजीर ए४ चा घोडा मारतो आणि स्वतः राजाच्या तोंडी जातो.

वजीर खाल्लाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. राजाला ए२ वर किंवा सी३ वर जाता येत होतं. पण मग काळ्याने उंटाच्या बदल्यात एक घोडा आणि दोन प्यादी खाल्ली, वर वजीर सुरक्षित. म्हणजे पांढरा निमूटपणे तोट्यात. म्हणून राजाने वजीर खाल्ला आणि शिकार सुरू झाली. घोडा सी५ वर शह, राजा बी४ वर. ए५ चं प्यादं शह. ते प्यादं खाता येत नाही, मागे ए८ चा हत्ती आहे. राजा सी३ वर मागे फिरला तर डी४ चा शह येऊन पाठलाग पुन्हा चालू. म्हणून त्याने सी५ चा घोडा खाल्ला.

काळ्याने आता वजीर, उंट आणि घोडा दिलेत. मिळाले एक घोडा आणि दोन प्यादी. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण काय करतील? हाती लागेल तो शह देतील. माइटनर यांनी शह दिलाच नाही. त्यांनी घोडा जी८ वरून ई७ वर आणून ठेवला. बस्स!

संपूर्ण डावातली शिकण्यासारखी चाल हीच, आणि ती शांत चाल आहे. पट थांबवून बघा. पांढरा राजा सी५ वर. ई७ च्या घोड्याने सी६ बंद केलं आणि डी५ च्या प्याद्याला जोर दिला. पुढची धमकी अशी: बी६ चा शह, राजाला बी५ हे एकच घर, मग उंट डी७ वर आणि मात. खात्री करा. ए४ आणि सी६ वर उंटाचा मारा. ए६ वर हत्तीचा. बी४ वर ए५ च्या प्याद्याचा, सी४ वर डी५ च्या प्याद्याचा, सी५ वर बी६ च्या प्याद्याचा. ए५ चं प्यादं हत्तीच्या जोरावर, बी६ चं सी७ च्या प्याद्याच्या. एकही घर मोकळं नाही. वजीर नसताना फक्त प्यादी, एक उंट, एक घोडा आणि कोपऱ्यातला हत्ती मिळून हे जाळं विणतात.

आणि पांढऱ्याकडे बघा. वजीर डी१ वर, हत्ती ए१ आणि एच१ वर, उंट सी१ वर, घोडा जी१ वर. सगळे घरीच. गोदाम मालाने भरलेलं, पण साइटवर एक गोणी पोचलेली नाही. मोहऱ्यांची किंमत कागदावर असते, जोर ती कुठे उभी आहेत त्यात असतो.

तिसरा टप्पा: पांढऱ्याची सुटका (चाली १३ ते १६)

इथपर्यंत बहुतेक लोक माइटनर यांना टाळ्या देतात. पण या डावाचं अर्धं श्रेय हाम्पे यांचं आहे. मात डोक्यावर लटकत असताना त्यांनी घाबरून भलतंच काही केलं नाही.

तेरावी चाल, उंट बी५ वर शह. काळ्याने सी६ ला प्यादं पुढे करून शह अडवला असता तर सी७ वरून ते प्यादं हललं असतं, बी६ चा जोर गेला असता आणि पांढऱ्या राजाला डी६ चं घर मिळालं असतं. म्हणून माइटनर राजालाच डी८ वर सरकवतात. आता धमकी आणखी जवळ आली. बी५ वर पांढऱ्याचाच उंट बसलाय, त्यामुळे बी६ चं प्यादं पुढे आलं की त्याच चालीत मात.

चौदावी चाल, उंट सी६ वर. स्वतःहून मरायला गेलेला उंट! पण याने दोन कामं एकदम होतात. राजासाठी बी५ मोकळं होतं आणि डी७ वरून येणाऱ्या काळ्या उंटाचा रस्ता बंद होतो. मोहरं वाचवायच्या नादात राजा घालवायचा नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. बी६ चा शह, राजा बी५ वर, काळ्या घोड्याने सी६ चा उंट खाल्ला.

पुन्हा धमकी बघा. घोडा डी४ वर शह देईल, राजाला फक्त ए४, आणि मग उंट डी७ वर मात. पांढऱ्याला इतर काही करायला सवड नाही. राजा सी६ चा घोडा खातो आणि थेट शत्रूच्या गोटात, काळ्या राजापासून दोन घरांवर जाऊन उभा राहतो.

चौथा टप्पा: हावरेपणाची परीक्षा (चाली १६ ते १८)

आता काळ्याकडे उरले दोन हत्ती, एक उंट आणि आठच्या आठ प्यादी. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, उंट, घोडा आणि सहा प्यादी. काळा एक वजीर आणि एक घोडा मागे, बदल्यात दोन प्यादी जास्त. एक चाल मोकळी मिळाली की पांढरा मोहरी बाहेर काढणार आणि डाव जिंकणार. माइटनर काय करतात? उरलासुरला उंट बी७ वर, राजाच्या तोंडाशी नेऊन ठेवतात, शह!

उंट बिनजोर आहे. खायचा का?

खाल्ला तर काय होतं ते पटावर बघा. राजा बी७ वर गेला की काळा राजा शांतपणे डी७ वर येतो. आता पांढऱ्या राजाला किती घरं आहेत? ए८ च्या हत्तीला एच८ च्या हत्तीचा जोर, खाता येत नाही. ए७, ए६, बी८, सी८ हत्तींच्या माऱ्यात. सी७ आणि सी६ काळ्या राजाच्या ताब्यात. बी६ ला सी७ चा जोर. शून्य घरं! पुढची चाल एच८ चा हत्ती बी८ वर आणि मात. पांढरा वजीर फार तर जी४ वरून शह देईल. काळा राजा डी६ वर सरकेल आणि मात तशीच राहील. म्हणजे फुकट मिळालेला उंट खाल्ल्याने वजीर, दोन हत्ती, उंट आणि घोडा जवळ असताना पांढरा हरला असता.

हाम्पे यांनी खाल्ला नाही. राजा बी५ वर परत. उंट ए६ वर शह. हा उंट हत्तीच्या जोरावर. राजाला दोन घरं, ए४ आणि सी६. ए४ वर गेला तर उंट सी४ वर येतो आणि पुढच्या चालीत बी५ चं प्यादं मात करतं, ती थांबवता येत नाही. म्हणून सी६. पुन्हा उंट बी७ वर शह. पुन्हा बी५. पुन्हा ए६. असं अनंतकाळ. काळ्याने शह थांबवला तर तो हरेल, पांढऱ्याने वाट बदलली तर तो हरेल. दोघांनी हात मिळवले. बुद्धिबळाच्या जगात हा डाव 'इम्मॉर्टल ड्रॉ', म्हणजे अजरामर बरोबरी, म्हणून ओळखला जातो.

आपण यातून काय घ्यायचं?

एक. हरण्याच्या वाटेवर असाल तर समोरच्याचा राजा कुठे आहे ते आधी बघा, मोहऱ्यांची मोजणी नंतर. राजा उघड्यावर असेल तर सतत शहाची शक्यता असते, आणि सतत शह म्हणजे अर्धा गुण.

दोन. दरवेळी शह देणं म्हणजे हल्ला नव्हे. बाराव्या चालीतला घोडा आठवा. राजाची घरं बंद करणारी शांत चाल कधी कधी तीन शहांपेक्षा भारी पडते.

तीन. जिंकत असाल तर फुकटचं खाण्यापूर्वी आपल्या राजाची मोकळी घरं बोटं मोडून मोजा. शून्य आलं तर ते मोहरं फुकटचं नाही.

चार. जिंकता येत नाही हे कळल्यावर बरोबरी घेण्यात कमीपणा नाही. आंतरमहाविद्यालयीन सांघिक स्पर्धेत चार पटांवर लढत असते. दोन पट जिंकून तिसरा हरलेला असताना चौथ्यावरचा अर्धा गुण म्हणजे अडीच विरुद्ध दीड. सगळी टीम त्या अर्ध्यावर पुढे जाते.

नियमही माहीत हवेत

पटावर बरोबरी कमावली आणि टेबलावर घालवली, असं होऊ नये म्हणून थोडं नियमांबद्दल. 'सतत शह' नावाचा स्वतंत्र नियम आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नाही! सतत शहाने बरोबरी होते ती दोन मार्गांनी. एक तर दोघांच्या संमतीने, नाही तर तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्याचा दावा करून. हाम्पे-माइटनर डावात बी७ च्या उंटाची ती स्थिती दोनदाच आलेली आहे. सोळाव्या चालीनंतर एकदा आणि अठराव्या चालीनंतर दुसऱ्यांदा. आजच्या स्पर्धेत समोरचा अडून बसला तर माइटनर यांना आणखी दोन शह द्यावे लागले असते.

दावा कसा करायचा? आपल्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर करायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. समोरच्याच्या चालीने ती आली असेल तर आपण काहीही हलवण्यापूर्वी सांगायचं. स्थिती तीच म्हणजे तीच मोहरी त्याच घरांवर, पाळी त्याच खेळाडूची आणि शक्य असलेल्या चालीही त्याच. मधल्या चाली सलग पुन्हा याव्यात अशी अट नाही. मात्र स्कोअरशीट अर्धवट असेल तर पंचांना दाखवणार काय? नेहमीच्या मोठ्या वेळेच्या स्पर्धेत दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि डाव पुढे चालू राहतो.

बाकीचे मार्ग थोडक्यात. पाळी असलेल्याला कायदेशीर चाल नाही आणि शहही नाही, ते स्टेलमेट. दोघांच्या मिळून पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही, तर दावा करता येतो. मात करण्याइतकं बळ कोणाकडेच उरलं नाही, तर डाव तिथेच संपतो. तीच स्थिती पाच वेळा आली किंवा पंचाहत्तर-पंचाहत्तर चाली तशाच गेल्या तर दाव्याचीही गरज नाही. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा तर आधी आपली चाल करायची, मग प्रस्ताव, मग घड्याळ दाबायचं. समोरचा विचारात असताना दर मिनिटाला "ड्रॉ?" असं विचारणं नियमातही बसत नाही आणि शिष्टाचारातही.

अर्धा गुण हातचा जातो तेव्हा

बरोबरी शेवटच्या चालीपर्यंत सांभाळावी लागते, याचं सगळ्यात महागडं उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडलं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा आणि शेवटचा नेहमीच्या वेळेचा डाव. डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांचे प्रत्येकी साडेसहा गुण. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. स्थिती बरोबरीची. पांढऱ्या डिंगने फक्त तग धरायचा होता. पंचावन्नाव्या चालीत त्याने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारले, मग उंट समोर आणून उंटांचीही अदलाबदल करायला भाग पाडलं, आणि उरला राजा-प्याद्यांचा शेवट, जो पांढऱ्यासाठी हरलेला होता. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने राजीनामा दिला. गुकेश साडेसात, डिंग साडेसहा.

एक प्यादं मागे असताना मोहरी संपवली की बरोबरी जवळ येते, असं आपल्याला वाटतं. प्यादी संपवली तर येते. मोहरी संपवताना मात्र नुसत्या राजा-प्याद्यांचा शेवट काय होईल ते आधी शेवटपर्यंत मोजावं लागतं.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्या जवळचं. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीविरुद्ध नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत ठेवले आणि मग जलद डावांत बाजी मारली. ते दोन अर्धे गुण नसते तर जलद डावांपर्यंत पोचताच आलं नसतं.

स्वाध्याय

सबमिशनसारखे कॉपी करू नका. पटावर मांडून स्वतः सोडवा, मग उत्तरं बघा.

१. पांढरा: राजा एच८, प्यादं सी६. काळा: राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची पाळी. काळ्याचं प्यादं दोन घरं पुढे पळालंय, आपलं एकटं प्यादं काळ्या राजाच्या हाताशी. तरी बरोबरी करा. (रिचर्ड रेटी, १९२१.)

२. पांढरा: राजा एफ६, उंट ई४, प्यादं एच५. काळा: राजा एच८. पांढऱ्याकडे उंट आणि प्यादं जास्त. तरी तो जिंकू का शकत नाही?

३. पांढरा: राजा डी५, हत्ती ए७, प्यादं ई५. काळा: राजा ई८, हत्ती बी६. पांढऱ्याने ई६ खेळलं. काळ्याने हत्ती कुठे न्यावा? (फिलिडोर, १७७७. हे गृहस्थ संगीतकारही होते.)

उत्तरं

१. १. रा-जी७ एच४ २. रा-एफ६ रा-बी६ ३. रा-ई५! आता काळ्याने सी६ चं प्यादं मारलं तर राजा एफ४ वर येऊन एच४ च्या प्याद्याला गाठतो. ३...एच३ केलं तर ४. रा-डी६ एच२ ५. सी७ आणि दोघांचेही वजीर होतात, बरोबरी. राजा तिरका चालून दोन कामं एकाच वेळी करतो. भूमितीत कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, पण राजाला एच८ वरून ए१ ला जायला सातच चाली लागतात, एच१ ला जायलाही सातच.

२. प्यादं वजीर होणार ते एच८ चं घर काळ्या रंगाचं, उंट पांढऱ्या घरांवरचा. त्या कोपऱ्यातून काळ्या राजाला हा उंट कधीच हुसकावू शकत नाही. काळ्याने राजा कोपऱ्याजवळ जी८-एच८ असा फिरवत राहायचं. फार जोर लावला तर स्टेलमेट.

३. हत्ती बी१ वर. प्यादं सहाव्या रांगेत येईपर्यंत काळ्या हत्तीने सहावी रांग अडवून ठेवायची, म्हणजे पांढरा राजा पुढे घुसत नाही. प्यादं ई६ वर गेलं की राजाला लपायला तीच जागा उरत नाही. मग हत्तीने पार खाली जायचं, आणि राजा डी६ वर आला की डी१ वरून शह, ई५ वर आला की ई१ वरून शह. लांबून शह देत राहिलात तर पांढऱ्याला लपायला जागा नाही.